हाफ-लिटर वानखेडे

गेल्या आठवड्यात ल्यूकन या आमच्या आयरिश गावातल्या सुपरमार्केटमध्ये, बटाट्यांच्या ढिगापाशी, एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवलं. चेहरा नीट निरखला आणि विचारलं, "तू हाफ-लिटरचा मित्र ना?"

मी हो म्हणालो.

"कसा आहे तो?"

"मजेत आहे."

"त्याला सांग, मॉरीन विचारत होती." एवढं बोलून बाई गाजरांकडे वळल्या. माझं नाव काही त्यांनी विचारलं नाही.

या गावात मी पंधरा वर्षं राहतोय. घर इथं घेतलं, मुलगी इथं जन्मली, पासपोर्टही इथलाच झाला. आणि गावात माझी ओळख काय, तर इथं जेमतेम दोन-अडीच वर्षं काढून गेलेल्या एका माणसाचा मित्र.

हाफ-लिटर म्हणजे दिगंबर वानखेडे. अमरावतीचा. आमच्याच कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून आला आणि आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका घरातली छोटी खोली भाड्यानं घेऊन राहिला. बायको रूपाली नर्स होती, पण तिची इथली परीक्षा आणि कागदपत्रं व्हायची होती, म्हणून ती अमरावतीतच. दिगंबर बुटका, रुंद, भुवया जाड. सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखा पुढं झुकून चालायचा. दुकानात गेला की कुठलंही पाकीट उचलून आधी मागची बारीक अक्षरं वाचायचा. आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं : "हे मला पटत नाही."

आमच्या ऑफिसात कुणी कुणाला असं म्हणत नाही. इथं सगळं 'ग्रँड' असतं, म्हणजे 'छान, ठीक'. मॅनेजरनं काही सुचवलं की आपण ग्रँड म्हणायचं आणि मग जागेवर जाऊन हवं ते करायचं. ही रीत शिकायला मला कितीतरी वर्षं लागली, आणि ती आली याचा मला अभिमानही होता. दिगंबर पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये हात वर करून म्हणाला, "सॉरी, हे मला पटत नाही." मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. तो मोठ्यानं मराठीत म्हणाला, "काहून दाबता भाऊ? खरंच नाही पटत." महिनाभरात आमची मॅनेजर कुठलाही निर्णय घेण्यापूर्वी मान वळवून विचारायला लागली, "दिगंबरला पटतंय का?" मला तिनं असं कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती. मला सगळं पटायचं.

त्या पबमध्ये त्याला पहिल्यांदा नेलं तेही मीच. २०२०चा जानेवारी होता. लिफी नदीच्या अलीकडे, गावाच्या टोकाला असलेला तो जुना पब मला माझा वाटायचा. दर शुक्रवारी मी तिथं जाऊन कोपऱ्यातल्या टेबलावर एक पाइंट काळी बीअर घेऊन बसायचो. मालक नोएल आणि त्याची बायको ब्रेडा. नोएल म्हणायचा, "गारठा आहे, सर." मी म्हणायचो, "हो ना." एवढं आमचं बोलणं. पण ते मला पुरायचं. त्या 'सर'मध्ये मला आदर दिसायचा.

दिगंबर काउंटरवर गेला आणि म्हणाला, "अर्धा लिटर द्या."

नोएलनं मान तिरकी केली. "पाइंट आहे. नाहीतर ग्लास, म्हणजे अर्धा पाइंट. अर्धा लिटर नाही."

"पाइंट म्हणजे किती?"

"पाइंट म्हणजे पाइंट."

"पाचशे अडुसष्ट मिलिलिटर," मी मागून हळूच सांगितलं.

"हे मला पटत नाही," दिगंबर म्हणाला, आणि तो वळून अख्ख्या पबशीच बोलायला लागला. त्याचं इंग्रजी अमरावतीच्या रिक्षासारखं होतं, खड्डे चुकवत न बसता थेट त्यांवरून जाणारं. "तुमचे रस्ते किलोमीटरमध्ये. दूध लिटरमध्ये. पेट्रोल लिटरमध्ये. त्या फळीवरची बाटली बघा, तीसुद्धा अर्ध्या लिटरची. मग नळाची बीअर तेवढी पाइंटात का? इंग्रजांना घालवलंत आणि त्यांचं माप ठेवून घेतलंत?"

मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. या देशात इतकी वर्षं जपून वागलेला माणूस मी. सगळं एका मिनिटात धुळीला मिळालं असं मला वाटलं. शेकोटीजवळ बसलेल्या म्हाताऱ्या पॅकीनं ग्लास खाली ठेवला. नोएलनं दोन्ही हात काउंटरवर टेकले.

"पाइंट इंग्रजांचा?" तो सावकाश म्हणाला. "अरे पोरा, पाइंट आमचा आहे. इंग्रजांनी आमच्याकडून नुसता भाड्यानं नेलाय. आणि अर्धा लिटर द्यायचा, तर ते अडुसष्ट मिलिलिटर कोण पिणार? सरकार?"

"मग सहाशे करा. मी कुठं कमी द्या म्हणतो?"

"सहाशे!" पॅकी शेकोटीजवळून ओरडला. "या माणसाला बसवा रे. हा मला निवडणुकीत हवा."

सगळे हसले. नोएलनं स्वतः बाहेर येऊन दिगंबरसाठी स्टूल ओढलं. रात्री निघताना नोएल त्याला म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी ये, अडाण्या. माझं अजून संपलेलं नाही." आणि मला म्हणाला, "गुड नाइट, सर."

घरी येईपर्यंत त्या 'सर'ची चव बदलली होती.

मग दर शुक्रवारी तेच. दिगंबर मागायचा अर्धा लिटरच, आणि मिळालेला एकच पाइंट दोन तास पुरवायचा. पिण्यात त्याला रस नव्हताच. तो भांडायला जायचा. नोएल आठवडाभर तयारी करून ठेवायचा. एकदा ब्रेडानं आतून लोण्याचं पाकीट आणून दाखवलं. त्यावर चारशे चोपन्न ग्रॅम लिहिलेलं, म्हणजे पुरता एक पौंड. "बघ, लोणीसुद्धा आमच्या बाजूनं आहे." दिगंबरनं पाकीट हातात घेऊन मागची अक्षरं वाचली, आणि कुणी गेल्याची बातमी ऐकावी तशी मान हलवली. लोक डोळे पुसेपर्यंत हसले.

पण मला खरी आठवते ती फेब्रुवारीतली संध्याकाळ. तो अगदी रंगात आला होता. जगातला शहाणा माणूस कसं सगळं दहाच्या पटीत मोजतो, ते सांगत होता. ब्रेडा ग्लास पुसत होती. तिनं सहज विचारलं, "तुझी उंची किती रे?"

"फाइव्ह फूट थ्री," दिगंबर म्हणाला.

क्षणभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग आलं. पॅकीनं टेबलावर मूठ आपटली. नोएल काउंटरमागे खाली बसला, दिसेनासाच झाला. "आणि तुझं अमरावतीचं घर?" ब्रेडानं विचारलं. दिगंबर एव्हाना स्वतःच हसायला लागला होता. "नऊशे स्क्वेअर फूट," तो म्हणाला, "आणि माझी आई सोनं तोळ्यात घेते. मारा, आता मला मारा!" तो पोट धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याच संध्याकाळी पॅकीनं त्याचं बारसं केलं. पाइंटपेक्षा जरासा बुटका, म्हणून हाफ-लिटर.

माझी अशी चारचौघांत फजिती झाली असती, तर मी पुन्हा त्या दारात गेलो नसतो. आणि या माणसाला त्यातून एक नाव मिळालं, कायमचं स्टूल मिळालं. मला मत्सर त्याच्या जिंकण्याचा वाटला असता तर समजलं असतं. मला त्याच्या हरण्याचा मत्सर वाटत होता.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. पबची दारं लागली. घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायचं नाही, माणसामाणसांत दोन मीटर अंतर ठेवायचं, असे नियम आले. ज्या दिवशी ते जाहीर झाले त्याच संध्याकाळी दिगंबरला फोन आला. फोन नोएलचा. "हाफ-लिटर, तू जिंकलास. सरकार तुझ्या पक्षात गेलं. दोन मैल म्हणाले नाहीत बघ." त्यानंतर पब बंद असेपर्यंत नोएल दर शुक्रवारी त्याला फोन करून भांडायचा. हे मला दिगंबरनंच अगदी सहज सांगितलं. नोएलकडे माझा नंबर असायचं काही कारण नव्हतं.

आमचं घर त्याच्या दोन किलोमीटरच्या आत होतं. उन्हाळ्यात थोडी ढील मिळाली तसा तो संध्याकाळी आमच्या मागच्या बागेत येऊन बसायला लागला. तो एका टोकाला खुर्चीत, आम्ही दुसऱ्या टोकाला. माझी मुलगी ईरा तेव्हा आठ वर्षांची. आम्ही तिच्याशी मराठीत बोलायचो आणि ती उत्तर द्यायची इंग्रजीत, तेही इथल्या पोरांच्या हेलात. बायकोनं आणि मी बक्षिसं लावून पाहिली, रागावून पाहिलं, आणि शेवटी सोडून दिलं होतं.

पहिल्याच दिवशी ईरा त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. दिगंबर म्हणाला, "नाही समजलं मला."

ती मोठ्यानं पुन्हा म्हणाली.

"ऐकू आलं, बाई. समजलं नाही. मी अमरावतीचा हाओ."

"पण तू ऑफिसमध्ये इंग्लिश बोलतोस," ती इंग्रजीत म्हणाली.

"ते ऑफिसचं. ते लॅपटॉपसंगं बंद होते."

ईरानं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मग तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, आणि म्हणाली, "काका, तुझा खुर्ची मोडला आहे."

खुर्ची खरंच मोडायला आली होती. दिगंबर उठला, खुर्ची उलटी करून बघितली आणि गंभीरपणे म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. पडलो असतो ना मी." तो 'तुझा खुर्ची'वर हसला नाही. दुरुस्तही केलं नाही. सप्टेंबर येईस्तोवर ती त्याच्याशी धबाधबा बोलायला लागली, शिवाय "काहून?" म्हणायलाही शिकली. मी काही विचारलं तर मात्र उत्तर इंग्रजीतच. एकदा मी चिडून म्हणालो, "माझ्याशी का नाही बोलत मराठीत?" तर म्हणाली, "बट यू अंडरस्टँड, बाबा."

त्या रात्री बायकोनं विचारलं, "काय झालं तुला?" मी म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, "तूही भांड ना कुणाशी तरी."

"कुणाशी?"

त्याच उन्हाळ्यात काही आठवडे पब उघडले, पण फक्त जेवणाबरोबर. सूप, सँडविच, काहीतरी घेतल्याशिवाय बसता यायचं नाही. आम्ही गेलो. या वेळी मी ठरवून गेलो होतो. त्या वादात मी मनापासून पाइंटच्याच बाजूचा होतो. या देशात आल्यावर पहिल्या आठवड्यात कुणीतरी माझ्यासमोर न विचारता एक पाइंट ठेवला होता, तेव्हापासून. त्यावर मी बरेच दिवस विचार केला होता, वाक्य मनात घोळवलं होतं. बोलण्यात जरा खंड पडल्यावर मी म्हणालो, "नोएल, मला वाटतं पाइंट हे माप बीअरचं नाहीच. ते वेळेचं माप आहे. एका माणसाला आपलं काय चाललंय ते सांगायला जेवढा वेळ लागतो, तेवढा म्हणजे एक पाइंट."

नोएलनं मान डोलावली. "फार छान, सर. सूप आणू?"

थोड्या वेळानं दिगंबर त्याच्या खडबडीत इंग्रजीत ओरडला, "अरे, भाऊ काय म्हणाले ऐकलं का कुणी? पाइंट म्हणजे टाइम! एका माणसाची पुरी स्टोरी! मला हे पटत नाही, पण साला बरोबर आहे!" सगळ्या टेबलांवरून हसू उसळलं, पॅकीनं टाळ्या वाजवल्या. दिगंबर माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, "त्यांचं आहे, त्यांचं." कुणी ऐकत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी दाराजवळच्या काळ्या फळ्यावर खडूनं ते वाक्य लिहिलेलं होतं, आणि खाली : हाफ-लिटर. मी ते वाचलं आणि जागेवर जाऊन बसलो. दिगंबरनं मात्र खडू मागून घेऊन ते नाव पुसलं आणि माझं घातलं. पुढच्या खेपेला ब्रेडानं पुन्हा त्याचंच घातलेलं होतं. तिला वाटलं, हा संकोच करतोय.

हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद झालं. २०२१च्या जानेवारीत नोएल हार्ट अटॅकनं गेला. ब्रेडानं दिगंबरला कळवलं आणि दिगंबरनं मला. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून बाकीचं गाव अंतर ठेवून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहिलं. मी, बायको आणि ईराही उभे होतो. पाऊस नव्हता, पण हवेत ओल होती. शवपेटीची गाडी बंद पबच्या दारासमोर येऊन थांबली. दारात पबची माणसं रांगेत उभी होती. काउंटरवरच्या दोघी, स्वयंपाकी, पॅकी, आणि शेवटी, सगळ्यांत बुटका, दिगंबर. ब्रेडानंच त्याला तिथं उभं राहायला सांगितलं होतं. तो रडत होता. मास्क ओला झाला होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही करत नव्हता.

मला रडू येईना. पंधरा पावलांवर उभा राहून मी त्याच्याकडे बघत होतो आणि, खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवा वाटत होता. नोएलला मी त्याच्या आधी दहा वर्षं ओळखत होतो. पण ते दुःख त्याच्या वाट्याला आलं होतं, माझ्या नाही.

जूनमध्ये पब उघडले, फक्त बाहेर बसायला. ब्रेडानं पार्किंगच्या जागेत लाकडी बाकडी टाकली होती. पहिल्याच शुक्रवारी जुनी मंडळी जमली. सगळे जरा जपून बोलत होते. ब्रेडा ट्रे घेऊन आमच्या बाकड्याशी आली.

"काय देऊ?"

दिगंबर खाली बघून म्हणाला, "एक पाइंट, ब्रेडा."

"काय?"

"पाइंट. पाइंटच बरा."

ब्रेडानं ट्रे खाली ठेवला. तिच्या गालांवर लाल चट्टे उठले. "खबरदार," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेजारच्या बाकड्यांवरची माणसं वळली. "खबरदार माझ्यासमोर असं शहाण्यासारखं वागलास तर. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनची नळी नाकात असताना तो मला सांगत होता, हाफ-लिटरला सांग, मला नवा मुद्दा सापडलाय. त्याला जिंकायचं होतं असं वाटतं तुला? सोमवारपासून तो शुक्रवारची वाट बघायचा. आता तू त्याला असा फुकटात जिंकवून टाकणार? तुम्ही सगळे माझ्याशी असे गोड बोलायला लागलात, तर मी हे दार बंद करते आणि जाते बहिणीकडे गॉलवेला."

दिगंबरनं मनगटानं डोळे पुसले. बाकड्याच्या फळीवरून बोट फिरवलं.

"नवा मुद्दा काय होता?" त्यानं विचारलं.

"ते सांगायच्या आधीच गेला, गाढवा."

"मग..." त्यानं मान वर केली. "मग आधी मला हे सांगा, बाटली अर्ध्या लिटरची अन् नळाची बीअर पाइंटात, हे एका छपराखाली चालतंच कसं? मला हे पटत नाही."

"तुला न पटायला काय झालं? तुझी आई सोनं कशात घेते?" ब्रेडा कंबरेवर हात ठेवून म्हणाली. ती नोएलचेच मुद्दे बोलत होती, जरा अडखळत, उलटसुलट करत. पॅकीनं मधेच तोंड घातलं, मग आणखी कुणी. पाच मिनिटांत पार्किंगमध्ये असा गोंधळ उठला की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. ब्रेडा रडत होती आणि भांडत होती.

माझ्यासमोर माझा पाइंट आला होता. मी कुणाशी सहमत झालो म्हणून आजवर कुणी माझ्यावर असं चिडलं नव्हतं.

रूपालीची कागदपत्रं झाली, दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोच्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी मिळून ती इकडे आली, आणि त्या ऑक्टोबरात दिगंबरनं ल्यूकन सोडलं. मी त्याला गाडीनं पोचवायला गेलो. मागच्या सीटवर कुकर, गाद्या, मसाल्यांचे डबे. लाँगफर्डपर्यंत तो बोलतच होता. मग गप्प झाला. इतका गप्प की मी रेडिओ लावायला हात पुढं केला.

"नको, भाऊ," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "तुम्ही पबमध्ये शांत बसता ना, एकटे? मला ते नाही जमलं कधी. शांत बसलो की रूपाली आठवायची. खोलीवर तर भिंत अंगावर यायची. म्हणून मग काही ना काही उकरून काढायचं." तो हसला. "तुमचं बरं आहे. तुम्हाला लागत नाही कुणी."

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो. लागतं रे, असं म्हणणार होतो. तेवढ्यात वळण आलं, त्यानं डावीकडे घ्या म्हणून सांगितलं, आणि ते राहून गेलं.

स्लायगोतलं घर एका चढावर होतं. रूपाली ड्यूटीवर होती. आम्ही सामान उतरवलं, चहा झाला, आणि अंधाराच्या आत ल्यूकन गाठायचं म्हणून मी निघालो. तो फाटकापर्यंत आला. शेजारी एक उंच म्हातारा शिडीवर चढून कुंपणाची झुडपं कापत होता. मी गाडी सुरू करून वळवेपर्यंत दिगंबर त्याच्या शिडीपाशी पोचला होता. काच बंद होती, ऐकू काही येत नव्हतं. दिगंबर झुडपाच्या एका बाजूकडे बोट दाखवत होता, मान ठामपणे हलवत होता. म्हाताऱ्यानं आधी वरून त्याच्याकडे रागानं बघितलं. मग तो शिडी उतरला. कात्री खाली ठेवली. दोघं मागं सरकून झुडपाकडे बघायला लागले, आणि म्हाताऱ्याचे खांदे हसण्यानं हलायला लागले.

मी उतारावर गाडी हळू घेतली. आरशात दिगंबरनं हात वर केला. तो मला निरोप देत होता, की म्हाताऱ्याला झुडपाची उंची दाखवत होता, ते मला कळलं नाही. मीही हात केला.